गाडी जाईपर्यंत

९ जानेवारी

धाकट्या,

परवा तू दोनदा फोन केलास, असं समोरच्या न्हाव्याने सांगितलं. त्याला त्याच्या दुकानात बसून आमचा फोन वाजलेला कळतो आणि मी नेमकी मागच्या खोलीत असते. तसाही आमचा फोन आता कामातून गेलाय. नुसती खरखर. तू बोलतोयस की कोणी पत्रा घासतंय, काही समजत नाही. तेव्हा यापुढे पत्र लिहीत जा. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मला अजून वाचता येतं.

आता बातमी. हातात कोणाचे दात असतील तर आधी टेबलावर ठेव, मग पुढचं वाच. मी रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, रुळांवरच्या पुलावर उभी राहून गाड्या बघते.

वाचलंस ते बरोबर वाचलंस. लहानपणी कुंपणाच्या तारेतून गाड्या बघणाऱ्या तुला कान धरून घरी आणणारी मीच, आणि 'या गाड्या म्हणजे आपल्या घराला जडलेलं दुखणं आहे' असं आल्यागेल्याला सांगणारीही मीच. बाबांच्या मागे मी त्यांचं घड्याळांचं दुकान पत्करलं, वरच्या दोन खोल्या पत्करल्या, पण घरामागून जाणारी गाडी काही पत्करली नव्हती. या वयात हे कुठून सुचलं ते विचारू नकोस. पुलावर आमची एक टोळीच आहे. एकेक नग आहे, सवडीने लिहीन.

गुडघे ठणठणीत आहेत. डोळे ठणठणीत आहेत. हात थरथरत नाहीत. तू विचारणारच, म्हणून आधीच कळवलं.

तुझी ताई


१८ जानेवारी

ताई,

तू बजावूनही मी दात हातातच ठेवले, आणि 'गाड्या बघते' या दोन शब्दांना ते खाली पडले. एका निवृत्त मुख्याध्यापिकेची वरची कवळी होती. पुढचा एक दात निखळला. नवा बसवेपर्यंत त्या बाईंना घरात कोणावर ओरडता येणार नाही, आणि त्याचं पाप तुझ्या माथी.

पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे वन्संनी लिहिलेलंच नाही." मग आम्ही दोघांनी अक्षर निरखून बघितलं. तुझंच आहे. अजून विश्वास बसत नाही.

तू आपणहून सांगितलंस, तर मीही एक सांगतो. मला गाड्यांचं वेड सहाव्या वर्षी लागलं आणि सगळ्यांना वाटायचं, इंजिनामुळे. इंजिनाचं मला विशेष काही नव्हतं. आपल्या घरातला नियम आठव. गाडी आली की बोलणाऱ्याने असेल तिथे, अर्ध्या शब्दावर थांबायचं, आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे बोलायचं. "गाडीशी आवाज चढवून कोणी जिंकत नाही," असं बाबा म्हणायचे. पाहुणे चक्रावायचे. घास हातात धरून सगळं घर गप्प बसलेलं, आणि गाडी गेल्यावर जणू काही झालंच नाही असं पुन्हा सुरू.

तर बाबा मला झापायला लागले आणि गाडी आली की तेही थांबायचे. बोट वर, तोंड उघडं. तुला तुझं वाक्य बरोबर जोडता यायचं, बाबांना नाही. गाडी गेली की ते विचारायचे, "कुठे होतो मी?" आणि मी सांगायचो, "संपलं होतं तुमचं." प्रवासी गाडी आली तर निम्मी सुटका व्हायची. मालगाडी आली तर पूर्ण, कारण ती संपता संपायची नाही. त्या वयात गाडी आवडायला आणखी काय कारण लागतं?

आता जरा नीट बोलतो. बाबा गेल्यावर आपलं ठरलं होतं की तुझ्या शरीराने कुठेही कुरकुर केली की दुकानाला कुलूप लावायचं आणि तू माझ्याकडे यायचं. तू शब्द दिला होतास. गुडघे, डोळे, हात यांची हजेरी तू न विचारता दिलीस, म्हणून मला शंका येतेय. आणि बाजारात जायला अजून दुकानामागच्या पायवाटेनेच रूळ ओलांडतेस का? पुलावर चढतेसच आहेस तर पुलावरून जा. पण तू माझं ऐकतेस कधी.

धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

मी थक्क झाले. हा मुलगा पुढे इंजिन चालवणार म्हणून मी धसका घेतला होता, आणि तू नुसता बाबांची बोलणी चुकवत होतास. लबाड.

टोळीबद्दल लिहिते म्हणाले होते. सगळ्यांत आधी येते ती नर्सबाई, रात्रपाळी संपवून. तिशीतली आहे, डोळ्यांखाली काळं. ती म्हणते, दवाखान्यात जे काही वाजतं ते तिला कामाला लावायला वाजतं. गाडी तेवढी वाजत येते आणि तिच्याकडे काही न मागता निघून जाते. एकदा पाळीवरून घरी जाताना गाडी जाईपर्यंत पुलावर टेकली, तेव्हापासून रोज टेकते. मग येतात भूगोलाचे सर. जन्मभर मुलांकडून नकाशात शहरं भरून घेतली, स्वतः गावाबाहेर गेले नाहीत, बायको अंथरुणाला खिळलेली होती. ती गेल्यावर आता गाडी का पकडत नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, डब्याच्या पाटीवरचं गावाचं नाव वाचलं की पोचल्यासारखं वाटतं. मला गलबलून आलं, पण मी दाखवलं नाही. आणि एक आजोबा चार वर्षांच्या नातीला खांद्यावर घेऊन येतात. तिची अशी समजूत आहे की गाडीतली सगळी माणसं तिच्या ओळखीची आहेत. कारण काय, तर ती हात हलवते आणि ते हात हलवतात. आजोबांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, त्यांना नातीचं वेड आहे.

मी तिथे कशी पोचले ते ऐक. आपली पहाटेची मालगाडी बंद झाली. दुकानभर घड्याळं असून मी जन्मात गजर लावला नाही, कारण ती गाडी धडधडाट करून मला उठवायची. कर्जबुडव्यासारखी ती एकाएकी गायब झाली आणि मी उशिरापर्यंत लोळायला लागले. थोडे दिवस वाट बघितली आणि गेले तणतणत स्टेशनात. म्हटलं, इतकी वर्षं झोपमोड केलीत तेव्हा तक्रार केली नाही, आता एका शब्दाने न सांगता गाडी बंद करता? तिथला साहेब कोवळा आहे. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि वर हसला. माझं डोकं सणकलं. म्हटलं, उद्या पहाटे पुलावर उभी राहून तुमचा खोटेपणा बघते. आणि गेले. तेव्हापासून जातेच आहे.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून बायको आणि मी पोट धरून हसलो. त्या साहेबाची मला कीव येते. पण तो काय म्हणाला ते तू लिहिलंच नाहीस. गाडी बंद झालीय की नाही? पुलावरून दिसली की नाही? गोष्ट सांगायला घेऊन अर्ध्यात सोडणं ही बाबांची खोड, तुझी नव्हती.

पायवाटेबद्दलही तू गुळणी धरून बसली आहेस, ते माझ्या लक्षात आलंय.

आमची भिंगरी महिनाअखेरीस तिच्या कामासाठी तुझ्या गावी येतेय. दोन दिवस तुझ्याकडेच राहील. लेक माझी असली तरी सांगून ठेवतो, ती पाय न आपटता चालत नाही आणि दार न आपटता बंद करत नाही. सांभाळून घे. तिला पुलावर ने. एकविसाव्या वर्षी तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही, निदान स्वतःच्या आत्याचं तरी वाटू दे.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

भिंगरी येऊन गेली. गुणी पोर आहे. तू म्हणालास तशी आदळआपट मला काही जाणवली नाही, उलट मांजराच्या पावलांनी वावरत होती. आणि पुटपुटते फार. या पिढीला तोंड उघडून बोलायला कोणी शिकवलंच नाही. मग मीच बोलत राहिले. तुझ्या लहानपणाच्या सगळ्या भानगडी सांगितल्या, तेव्हा आता घरात तुझा धाक राहील अशी आशा सोड.

पुलावर आली होती. भूगोलाच्या सरांनी तिला पाट्या वाचायला लावल्या.

मी मजेत आहे. दुकान बरं चाललंय.

ताई


५ मार्च

ताई,

भिंगरी परवा परत आली. जेवताना तुझं कौतुक चाललं होतं. म्हणाली, "बाबा, आत्या काय रंगून बोलते. खिडकीखालून गाडी धडधडत जाते, तावदानं खडखडतात, मला माझाच आवाज ऐकू येत नाही, आणि आत्या आपली गोष्ट सांगतेच आहे. मधे थांबतच नाही."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो गेला.

बायको आणि भिंगरी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काय कळणार? त्या आपल्या घरात वाढलेल्या नाहीत. बाबा गेले त्या दिवशी खोली माणसांनी भरली होती आणि तू त्यांच्या उशाशी बसून रडत होतीस. गाडी आली. तू रडायची थांबलीस. मीही थांबलो. लोकांना वाटलं, ही भावंडं आहेत की दगड. गाडी गेली आणि आपण दोघंही पुन्हा रडायला लागलो. बापाच्या मरणातसुद्धा जी थांबली, ती भिंगरीला माझ्या भानगडी सांगताना थांबत नाही?

मग भिंगरी म्हणाली की दुरुस्तीला बसलीस की तू एक लाकडी काडी दातांत धरतेस आणि तिचं दुसरं टोक घड्याळाला टेकवतेस. तिला वाटलं, ही घड्याळवाल्यांची काही रीत असेल. बाबांना मी असं करताना कधी बघितलं नाही. ते घड्याळ कानाला लावायचे. आणि ताई, दात हा माझा धंदा आहे. जबड्याच्या हाडातून आवाज आत पोचतो, हे मला कोणी सांगायला नको.

मग मी तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून बसलो. फोनची खरखर, न्हाव्याला ऐकू येणारी घंटा, पुटपुटणारी भिंगरी. ती या घरात पुटपुटली तर मी पेढे वाटीन. आणि मालगाडी.

कागदावर विचारतोय, म्हणजे मी पुटपुटलो असं तुला म्हणता येणार नाही. तुला ऐकू येतं का?

धाकटा


१४ मार्च

धाकट्या,

नाही.

डाव्या कानाने अजिबात नाही. उजव्याशी तोंड आणून कोणी ओरडलं तर थोडंसं. हळूहळू गेलं असणार. पण मला ते कळलं एका पहाटे, पुलावर.

त्या साहेबाला खोटं पाडायला मी उभी होते. लांबून दिवा आला. इंजिन आलं. मागे डबे, भरलेले, एकामागून एक, माझ्या पायांखालून. आणि आवाज नाही. कसलाच नाही. मला वाटलं, मी मेले. खरंच सांगते, घरी पलंगावर मरून पडलेय आणि इथे नुसती बघायला आलेय, असं वाटलं. गाडी बंद झालीच नव्हती. माझ्याच घरामागून रोज जात होती आणि मी झोपून राहत होते.

आधाराला म्हणून कठडा धरला. कठडा थरथरत होता. ती थरथर हातातून कोपरापर्यंत आली, मग खांद्यात, मग दातांत. शेवटचा डबा जाईपर्यंत मी कठडा सोडला नाही. कोणाचं बोलणं पोचत नव्हतं, घड्याळाची टिकटिक पोचत नव्हती, आणि जिला जन्मभर शिव्या दिल्या ती तेवढी माझ्यापर्यंत पोचली. मी तिथे उभी राहून लहान मुलीसारखी रडले. कठड्याला दुसऱ्या टोकाला नर्सबाई टेकली होती. तिला आधी कळलं, मग टोळीला; तेव्हापासून सगळे मला वहीत लिहून सांगतात. काडीची युक्तीही मला तिथेच सुचली. कठड्याने दात वाजतात तर घड्याळाने का नाही वाजणार?

तुला सांगितलं नाही, कारण मी शब्द दिला होता. गुडघे कुरकुरले असते तर आले असते. पण मी अजून घड्याळ दुरुस्त करते रे. एकही परत येत नाही. तुझ्या त्या गुळगुळीत, शांत घरात मी काय करू? तिथे काही थरथरतच नाही.

आता पुढचं वाचताना हातात काही धरू नकोस.

पायवाट. तुझं पत्र आल्यावर मी काही दिवस पुलावरून गेले. मग एकदा दोन्ही हातांत पिशव्या होत्या, पायऱ्या नको वाटल्या. आपण तिथे डावी-उजवीकडे कधी बघितलंय? आपण ऐकतो आणि निघतो. बाबांनीच शिकवलं. मी थांबले, नेहमीसारखा कानोसा घेतला, सगळं शांत होतं, म्हणून निघाले. इतक्या वर्षांची सवय बरोबर आठवली, आणि आपण बहिऱ्या झालो आहोत एवढंच विसरले.

मागून कोणीतरी माझं मनगट धरून असं हिसडलं की मी खडीवर उताणी पडले. मग गाडीचा वारा तोंडावर आला. एक पिशवी गेली. नर्सबाई होती, मला पायवाटेकडे वळताना बघून धावत आलेली. तिचं तोंड हलत होतं, बहुतेक शिव्या देत होती. बरं झालं, मला ऐकू आल्या नाहीत.

तिनेच मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पायवाट मी सोडली. आता तू काय ते ठरव. शब्द मी दिला होता, तो मोडणार नाही.

ताई


१९ मार्च

ताई,

पत्र वाचून मी खाली बसलो. पडलं काही नाही, मीच बसलो. जमिनीवर. बायको धावत आली.

एक परकी बाई तुझं मनगट धरते आणि मला इथे महिन्याभराने कळतं. पुलावरच्या चार वर्षांच्या पोरीलाही माहीत असेल, तुझ्या सख्ख्या भावाला नाही. मला तुझा भयंकर राग आलाय. रात्रंदिवस डोळ्यांसमोर ती पिशवी येते. तू माझं ऐकत नाहीस, असं मी तुला किती वेळा म्हटलं, तेही आठवतं, आणि मग मला माझाच राग येतो.

सोमवारी पोचतो. दुकानाची दुसरी किल्ली शोधून ठेव. या वेळी वाद नको.

धाकटा


९ एप्रिल

ताई,

सुखरूप पोचलो. तिथे असताना बोललो नाही, कारण मला जे बोलायचं होतं ते तुझ्या कानात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. लिहिलेलं बरं.

मी कुलूप लावायलाच आलो होतो. येताना नवीन कुलूप विकत घेतलं होतं, ते बॅगेत होतं. शेवटच्या दिवशी तू मला पुलावर नेलंस, तेव्हा मी मनात म्हटलं, येऊ दे, टोळीचा निरोप घेऊ दे. म्हणजे निघताना रडारड नको.

तू कठड्यावर पंजा टेकवून उभी राहिलीस. सर पाट्यांबद्दल सांगत होते, नात आजोबांचे केस ओढत होती, नर्सबाई जांभया देत होती. आणि मग मी एक गोष्ट बघितली. बोलता बोलता सगळे सारखे तुझ्या हाताकडे बघत होते. मला कळेना, का. तू एक बोट उचललंस. सर गप्प झाले. आजोबांनी नातीला कठड्याशी धरलं. मी कान टवकारले, मला काही ऐकू आलं नाही. वळणापर्यंत बघितलं, काही दिसलं नाही. म्हटलं, बिचारीला भास झाला. मग बऱ्याच वेळाने, ताई, बऱ्याच वेळाने लांबून आवाज आला आणि वळणावर दिवा दिसला.

त्या पुलावर धडधाकट कानांची एवढी माणसं, आणि गाडी आली हे त्यांना तू सांगतेस. मी बहिऱ्या बहिणीला घेऊन जायला आलो होतो आणि तिथे बहिरा मीच होतो.

गाडी खालून जात होती तेव्हा मी सवयीने गप्प होतो. तुझ्याकडे बघितलं, तर तूही गप्प. हात कठड्यावर होता, म्हणून. शेवटचा डबा गेला, तुझा पंजा सुटला आणि तू म्हणालीस, "तर मी काय सांगत होते."

कुलूप परत आणलंय, कवळ्यांच्या कपाटाला लावेन. शब्द तू मोडला नाहीस, मीच तुला त्यातून सोडवतोय. पण दोन अटी आहेत. पायवाटेवर पाऊल टाकायचं नाही, कधीच. आणि डॉक्टर म्हणतात ते यंत्र कानाला लावायचं. दिसायला वाईट दिसतं असं म्हणू नकोस. मी लोकांच्या तोंडात दात बसवतो, मला दिसण्याचं सांगू नकोस.

धाकटा


४ मे

धाकट्या,

यंत्र लागलं. मी हादरून गेलेय. जग एवढं वाजतं हे मी विसरले होते. कागद वाजतो, चप्पल वाजते, मी जेवते ते मलाच ऐकू येतं. दुकानात पाऊल टाकलं तर सगळी घड्याळं अंगावर आली. एक टोल चुकीचे देत होतं, आणि मी ते 'झालं' म्हणून बाजूला ठेवलं होतं. लाजेने मेले. एकही परत येत नाही अशी बढाई तुला मारली होती.

न्हावी चोवीस तास गातो. आणि नर्सबाईचा आवाज चांगलाच जाडाभरडा आहे. मी तिला इतके दिवस मनातल्या मनात नाजूक आवाज दिला होता. ती पहिलं वाक्य बोलली आणि मी दचकले. ती इतकी हसली की कठडा हलला.

पुलावर यंत्र लावून गेले, फक्त एकदा. गाडी आली आणि मला वाटलं, डोकं फुटणार. असला कर्कश, आदळआपट करणारा प्रकार. मी बरोबर म्हणत होते लहानपणापासून. आता पुलावर चढले की यंत्र काढून खिशात ठेवते आणि हात कठड्यावर. टोळीचीही तीच मागणी होती. यंत्र लावलं की माझं बोट उशिरा उठतं, असं सर म्हणाले.

पहाटेच्या मालगाडीला मात्र जाग येते. रात्री यंत्र काढलेलं असतं, पण पलंग मी भिंतीला चिकटवून घेतलाय.

फोनमध्ये खरखर नव्हतीच, हे तुला कळलंच असेल. कर फोन.

ताई


२१ मे

ताई,

फोनवर सगळं बोलून झालं तरी हे पत्र लिहितोय. सवय लागली. आणि काल जे झालं त्याला फोन पुरला नाही.

काल मी फोन केला तो तुला झापायला. तू पुलावर यंत्र काढतेस आणि मग तसंच खिशात ठेवून बाजारातून फिरतेस, हे मला नर्सबाईने कळवलं होतं. हो, आम्ही पत्रं लिहितो एकमेकांना, तू अशी असल्यावर काय करणार. मी सगळं मनाशी जुळवून बसलो होतो. तू 'हॅलो' म्हणालीस आणि मी सुरू झालो. पिशवीपासून सुरू केलं. खडी, वारा, भिंगरीच्या आईचं रडणं, सगळं काढलं. तू मधे म्हणालीस, "अरे, पण मी तर पुलाच्या पाय", आणि पुढे काहीच नाही.

वाटलं, यंत्र बंद पडलं. वाटलं, तू पडलीस. आणि मग फोनमधून ती ऐकू आली. आधी लांबून, मग सगळा फोन भरून.

मी गप्प झालो. तिथून शेकडो मैलांवर, माझ्या गुळगुळीत, शांत घरात, बोट वर, तोंड उघडं. बायको आत येऊन म्हणाली, "कोणाशी बोलताय? आणि बोलत का नाही?" मी हाताने खूण केली, गाडी आहे. तिने खिडकीतून बाहेर बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शेजारी बसली. मी रडत होतो. तुला ऐकू येत होतं, ताई. तुला ऐकू आलं होतं, म्हणून तू थांबली होतीस. इतक्या महिन्यांत तू गप्प बसल्याचा मला पहिल्यांदा आनंद झाला.

गाडी गेली. तू म्हणालीस, "ऱ्या उतरल्यावर लगेच घालते." जिथे तोडलं होतंस, बरोबर तिथून.

आणि मी कुठे होतो, ते मला काही केल्या आठवेना. खडी झाली होती, वारा झाला होता, पुढचं सगळं निसटलं. मी विचारलं, "कुठे होतो मी?" तू एका क्षणाचाही वेळ न लावता म्हणालीस, "संपलं होतं तुझं."

नशीब तुझं, मालगाडी होती.

धाकटा